वसंतात परसबागेत येणारे गाणारे पक्षी : ओळख आणि जोपासना

फाल्गुन सरत आला, शिवारातली ज्वारीची काढणी उरकली आणि बांधावरचा पळस फुलला की आपल्या मराठवाड्यात वसंत ऋतूची चाहूल लागते. आपला वसंत कवितेतल्या वसंतासारखा थंडगार नसतो. सेलू तालुक्यातील आमच्या वालूर गावात मार्चच्या मध्यापासूनच दुपारचे ऊन अंगणात उभे राहू देत नाही. परंतु याच दिवसांत पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास लिंबाच्या शेंड्यावरून एखादी लांबलचक, गोड शीळ ऐकू येते. पाठोपाठ शेवग्यावर दुसरा आवाज, जास्वंदीत तिसरा. भीमजयंतीच्या तयारीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचे हे दोन महिने म्हणजे पक्ष्यांच्या गाण्याचा भर हंगाम होय. हे गायक कोण, ते ओळखायचे कसे आणि ते आपल्या परसात टिकावेत म्हणून काय करावे, याची साधी माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पक्षी पाहण्यासाठी अभयारण्यात जावे लागते, महागडी दुर्बीण लागते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे हा छंद शहरातल्या सुखवस्तू माणसांचा, आपला नव्हे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घरामागे दहा हात जागा, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ किंवा कर्दळ, एखादा शेवगा, पेरू किंवा डाळिंब एवढे असले तरी दहा-बारा जातींचे पक्षी घरबसल्या पाहता येतात. त्याला पैसा लागत नाही. कान, डोळे आणि थोडा धीर लागतो.

गाणारा पक्षी कोणाला म्हणावे?

माणसाचे स्वरयंत्र गळ्याच्या वरच्या भागात असते. पक्ष्यांचे स्वरयंत्र छातीत, श्वासनलिका जेथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते तेथे असते. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये या यंत्राचे स्नायू फार विकसित झालेले असतात. त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येत असल्याने अनेक पक्षी एकाच वेळी दोन स्वर काढू शकतात. जगात पक्ष्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत व त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जाती शास्त्राच्या दृष्टीने ‘गाणारे पक्षी’ या गटात मोडतात.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. ज्याच्या आवाजाचे गोडवे आपण पिढ्यान् पिढ्या गातो, तो कोकिळ या गटात बसत नाही. आणि ज्याला आपण कर्कश म्हणून हाकलतो, तो कावळा मात्र या गटात आहे! कारण हे वर्गीकरण आवाजाच्या गोडीवरून केलेले नाही, शरीराच्या बांधणीवरून आणि वंशसंबंधावरून केलेले आहे. या गटाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे यांची पिल्ले गाणे ऐकून शिकतात. वडीलधाऱ्यांचे गाणे कानावर पडले नाही तर पिल्लाला नीट गाता येत नाही. कोकिळाचे तसे नसते. तो कावळ्याच्या घरट्यात वाढूनही मोठेपणी आपल्याच जातीची साद घालतो, कारण ती त्याच्यात उपजत असते.

वसंतातच का गातात?

आपल्या भागात डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तर जूनमध्ये तो सव्वातेरा तासांपर्यंत जातो. वाढत्या प्रकाशाचा परिणाम पक्ष्यांच्या शरीरातील ग्रंथींवर होतो आणि विणीचा काळ जवळ आल्याची जाणीव त्यांना होते. मग नर उंच जागा धरून गाऊ लागतो. त्या गाण्यात दोन निरोप असतात. एक इतर नरांना : ही हद्द माझी आहे, येथे येऊ नका. दुसरा मादीला : येथे जागा आहे, अन्न आहे, ये. म्हणजे आपल्याला जे मनोरंजन वाटते ते त्या पक्ष्याच्या संसाराचे काम आहे.

पहाटे गाण्याचीही कारणे आहेत. त्या वेळी वारा पडलेला असतो, गलबला नसतो, आवाज दूरवर जातो. शिवाय अंधूक प्रकाशात किडे शोधणे कठीण असल्याने तो वेळ गाण्यात घालवणे पक्ष्याला परवडते. म्हणून ज्यांना पक्षी ओळखायचे आहेत त्यांनी सूर्योदयाच्या आधी अर्धा तास व नंतर दोन तास हा वेळ साधावा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसरी संधी मिळते. भर दुपारी मात्र बहुतेक पक्षी सावलीत चोच उघडी ठेवून गप्प बसलेले असतात.

पाहावे कसे?

नवख्या माणसाची अडचण अशी होते की तो आधी रंग पाहतो. उन्हाविरुद्ध बसलेला कोणताही पक्षी काळाच दिसतो. म्हणून पुढील क्रम ठेवावा.

१) आधी ऐकावे. आवाज कोणत्या झाडातून, किती उंचीवरून येतो ते ठरवावे. एकाच जागी दहा मिनिटे स्वस्थ बसावे व सूर्य आपल्या पाठीमागे राहील असे पाहावे.

२) मग आकार मापावा. त्यासाठी तीन मापे पुरेत : चिमणी, साळुंकी व कावळा. दिसलेला पक्षी चिमणीहून लहान, चिमणी ते साळुंकीच्या मधला, की साळुंकीहून मोठा?

३) नंतर शेपटी व चोच पाहावी. शेपटी उभी धरली आहे की खाली, लांब की आखूड. चोच दाणे फोडण्यासारखी जाड, किडे टिपण्यासारखी बारीक, की मध पिण्यासारखी वाकडी.

४) शेवटी रंग व पक्षी काय करीत होता ते पाहावे.

या चार पायऱ्यांनी परसातला जवळजवळ प्रत्येक पक्षी ओळखता येतो. आज अनेकांच्या हाती मोबाईल आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने तयार केलेले ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. मुलांनी त्याचा उपयोग जरूर करावा. मात्र ॲपने सांगितलेले नाव डोळ्यांनी पडताळून मगच खरे मानावे.

परसातले नेहमीचे गायक

दयाळ : पहाटेचा पहिला गायक बहुधा हाच. आकाराने बुलबुलाएवढा. नर वरून तकतकीत काळा, पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखी रंग. शेपटी उभी धरून चालतो. हिवाळ्यात हा पक्षी इतका गप्प असतो की तो परसात आहे हेच कळत नाही. मार्च उजाडला की झाडाच्या शेंड्यावरून किंवा विजेच्या खांबावरून त्याची निरनिराळ्या चालींची शीळ सुरू होते. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात. शेजारच्या बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी आहे.

चिरक : दयाळचा हा गरीब भाऊ म्हणावा. चिमणीहून थोडा मोठा, नर काळा, पंखाच्या खांद्याजवळ पांढरा ठिपका आणि शेपटीखाली तांबूस रंग. मादी मातकट. दयाळ झाडावर रमतो, तर चिरक उकिरडा, पडकी भिंत, दगडांचा ढीग येथे जमिनीवर किडे टिपत फिरतो. आमच्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची जुनी दगडी बारव आता दूरदूरचे लोक पाहायला येतात. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती साफसूफ केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. अशा जुन्या दगडी बांधकामाच्या फटी म्हणजे चिरक व साळुंकी यांना घरट्यासाठी आयत्या खोल्याच होत. डागडुजी करताना विणीचे दोन-तीन महिने टाळले तर वारसाही राहील आणि पक्षीही.

लालबुड्या बुलबुल : डोक्यावर काळा तुरा, शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका. जोडीने हिंडतो. आवाज आनंदी, तुटक बोलांचा. फळे व किडे दोन्ही खातो. मेंदीच्या कुंपणात, कधी दारावरच्या वेलीत माणसाच्या उंचीवर वाटीसारखे घरटे करतो व दोन-तीन अंडी घालतो. अंडी उबवून पिल्ले उडेपर्यंत अवघे चार आठवडे लागतात. घरटे इतके खाली असल्याने मांजर, सरडा आणि पोरेटोरे यांचा उपद्रव यालाच सर्वांत जास्त होतो.

शिंपी : चिमणीहून लहान, पाठ हिरवट, डोके तांबूस, शेपटी उभी. एवढ्याशा देहातून इतका मोठा आवाज निघतो की ऐकणारा मोठा पक्षी शोधत राहतो! जास्वंद, वांगे किंवा बदामाच्या पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून, कोळ्याचे जाळे व कापसाचे तंतू ओवून तो पान शिवतो आणि त्या पिशवीत मऊ घरटे करतो. आपला भाग कापसाचा, तेव्हा त्याला दोऱ्याची वाण नाही.

शिंजीर किंवा सूर्यपक्षी : जेमतेम अंगठ्याएवढ्या अंगाचा, वाकड्या चोचीचा. वसंतात नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, सावलीत काळा दिसतो. मादी वरून मातकट, खालून पिवळसर. शेवग्याला फुले आली की हा आलाच. वीण संपली की नर आपला झगझगीत पोशाख उतरवतो व मादीसारखा दिसू लागतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास ‘नर कुठे गेले?’ असा प्रश्न पडतो. घरटे म्हणजे काटक्या, साली, जाळी यांची लोंबती पिशवी. वर छोटे छप्परही असते. अनेकदा ते कपडे वाळत घालायच्या तारेला किंवा ओसरीतल्या वायरीला लटकवलेले आढळते.

याशिवाय झुडपांतून टुकटुक उड्या मारणारा राखी वटवट्या, डोक्यावर काळी शेंडी मिरवणारी भांगपाडी मैना, भांडखोर साळुंकी, काळा कोतवाल आणि घोळक्याने कलकलाट करणारे सातभाई हेही परसाचे नेहमीचे रहिवासी होत. सातभाईंचा आवाज गोड नाही, पण एका जोडीची पिल्ले सगळा घोळका मिळून भरवतो, हे पाहण्यासारखे असते.

आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांना दिलेली नावे पाहिली तर त्यांत कष्टकऱ्यांचे अख्खे गाव दिसते : शिंपी, तांबट, धोबी, खाटीक, कोतवाल. ही नावे कामावरून पडली. पक्ष्यांच्या गावात मात्र त्यावरून कोणी उच्च ठरत नाही की नीच.

कोकिळ आणि तांबट

शास्त्राच्या गटात नसले तरी या दोघांवाचून वसंत पुरा होत नाही. आपण ‘कोकिळा गाते’ असे म्हणतो, पण गातो तो नर. तो काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. तिचा आवाज म्हणजे नुसती ‘किक् किक् किक्’ अशी घाईची हाक. कोकिळ हिवाळ्यात गाव सोडून जातो असे अनेकांना वाटते. वास्तविक तो येथेच वड-पिंपळाच्या फळांवर जगत असतो. तोंड मिटलेले असल्याने लक्षात येत नाही. कावळ्याच्या घरट्याजवळ नर मुद्दाम दिसतो, कावळे त्याच्या पाठीस लागतात आणि तेवढ्यात मादी अंडे घालून जाते.

तांबट हिरवा, कपाळ व छातीवर लाल ठिपका. भांड्यावर हातोडी मारल्यासारखा ‘टुक् टुक् टुक्’ आवाज तो ऊन वाढेल तसा जोरात काढतो. वाळक्या फांदीत भोक पाडून घरटे करतो. म्हणून झाडाची प्रत्येक वाळकी फांदी छाटून टाकू नये.

जाणारे पाहुणे

वसंतात काही पक्षी निरोप घेतात. हिवाळाभर अंगणात शेपटी थरथरवत फिरणारा थिरथिरा एप्रिलपर्यंत उत्तरेकडे निघून जातो. सर्वांत मोठा काफिला भोरड्यांचा. काळे डोके व गुलाबी अंग असलेल्या या मैना थंडीत हजारोंच्या थव्यांनी ज्वारीवर उतरतात. माळ्यावर उभे राहून गोफणीने त्यांना हाकलण्याचे काम आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केले आहे. ज्वारी संपली की त्या पळस, पांगारा व काटेसावरीच्या फुलांवर मध पिताना दिसतात, म्हणूनच त्यांना पळसमैना असेही म्हणतात. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे जातात आणि तेथे टोळ व नाकतोडे खाऊन पिल्ले वाढवतात. इकडे पिकाचा शत्रू ठरलेला पक्षी तिकडे पिकाचा राखणदार ठरतो!

घरे बदलली, घरटी गेली

माती-दगडाच्या, माळवदाच्या घरांत वळचण होती, कोनाडे होते, भिंतींना भोके होती. चिमणी, दयाळ, चिरक, साळुंकी यांना तेथे जागा मिळे. आता घरे सिमेंटची झाली. माणसाला पक्के छप्पर मिळाले ही चांगलीच गोष्ट आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात ज्यांनी रात्री काढल्या त्यांना त्याची किंमत सांगायला नको. पण गुळगुळीत भिंतीला फट नाही, त्यामुळे भोकात घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अडचण झाली. त्यातच शेतात व परसात फवारणी वाढली. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या-किडेच भरवते. अळी नाही तर पिल्लू नाही.

देशभरातील तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. किडे खाऊन जगणाऱ्या पक्ष्यांची घट ही त्यातील एक मोठी काळजी आहे. चिमणीकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो.

आपल्याला काय करता येईल?

पाणी : मातीचे उथळ परळ घ्यावे. पाणी दोन इंचांहून खोल नको. मधे एक दगड ठेवावा म्हणजे लहान पक्ष्याला उभे राहता येईल. परळ सावलीत, पण मांजर दबा धरेल अशा झुडपापासून पाच-सहा फूट दूर ठेवावे. पाणी रोज बदलावे व परळ दोन-तीन दिवसांनी घासावे. त्यामुळे डासही होत नाहीत आणि रोगही पसरत नाही.

झाडे : शेवगा, जास्वंद, डाळिंब, कर्दळ ही मधासाठी; पेरू, तुती, कढीपत्ता ही फळांसाठी; मेंदीचे कुंपण घरट्यांसाठी. जागा असेल तर लिंब किंवा उंबर. परसातल्या भाजीवर विषारी औषध फवारू नये. शिंपी व वटवट्या अळ्या फुकट वेचतात.

घरटे : लाकडी खोके करून त्याला सव्वा इंचाचे गोल भोक पाडले तर चिमणीला चालते, मोठ्या पक्ष्याला आत शिरता येत नाही. ते आठ-दहा फूट उंचीवर, सावलीत, पंख्यापासून दूर लावावे. नवे घर बांधताना भिंतीत एखादा कोनाडा ठेवणे तर बिनखर्चाचे आहे.

पथ्य : घरट्याजवळ वारंवार जाऊ नये, फोटोसाठी पाने बाजूला सारू नयेत, कावळ्याला पत्ता लागतो. पंख न फुटलेले पिल्लू खाली पडले तर उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा गैरसमज आहे. पंख फुटलेले पिल्लू जमिनीवर दिसले तर ते उडायला शिकत असते. मांजर-कुत्रे दूर ठेवावे, एवढेच पुरे. मैना, बुलबुल, पोपट असे देशी पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.

एक वही ठेवा

पक्षी पाहणे आणि पक्षी नोंदवणे यांत मोठा फरक आहे. पाहिलेले विसरते, लिहिलेले राहते. शंभर पानी वहीत तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव, संख्या, झाड, तो काय करीत होता व हवामान एवढे सात रकाने आखावेत. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे व चित्र काढावे. दयाळ यंदा कोणत्या तारखेला प्रथम गायला, शेवटची भोरडी कधी दिसली, शिंजिराने घरटे कधी बांधले, या तारखा चार-पाच वर्षे जमल्या की ऋतू कसा सरकतो आहे ते घरच्या घरी कळू लागते.

याचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता त्या काळी, १९३१-३२ च्या सुमारास, डॉ. सालिम अली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या नियतकालिकातून ती पुढे प्रसिद्ध झाली. त्या वेळी कोणी लिहून ठेवले म्हणूनच आज तुलना करता येते. सालिम अलींचा हा प्रवासही घरापासूनच सुरू झाला होता. लहानपणी मारलेल्या एका पीतकंठी चिमणीचे नाव काय, एवढा साधा प्रश्न घेऊन ते त्या संस्थेच्या दारात गेले होते. त्यांचा १२ नोव्हेंबर आणि अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आयुष्यभर रानात राहून पक्ष्यांच्या मराठी नावांचे धन जमवणारे चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांनी जपलेली नावे मुलांच्या तोंडी राहणे, हे आता आपल्या हातात आहे.

आजही पक्ष्यांच्या बहुतेक नोंदी मोठी शहरे आणि अभयारण्ये यांच्या आसपासच्या असतात. मराठवाड्यातील गावे, वस्त्या, तांडे यांच्याकडून फार थोड्या नोंदी जातात. म्हणजे आमच्या वस्तीतल्या सातवीतल्या मुलीने परसात बसून लिहिलेले पान ही त्या जागेची पहिलीच नोंद ठरू शकते. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काऊंट’ ही जगभरची पक्षीगणना होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात २०१३ पासून कोणत्याही देशातील माणसाला भाग घेता येतो. किमान पंधरा मिनिटे आपल्या परसात पक्षी मोजून ‘ईबर्ड’वर कळवायचे, एवढेच त्यात करायचे असते. फी नाही, शिक्षणाची अट नाही, वयाची अट नाही.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आमची विनंती एवढीच आहे. येत्या फाल्गुनापासून घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला एक वही द्यावी, परसात पाण्याचे एक परळ ठेवावे आणि पहाटेचा अर्धा तास त्यांच्यासोबत बसावे. पहिल्या आठवड्यात पाच नावे येतील, महिनाभरात बारा. ज्या पक्ष्याचे नाव ठाऊक आहे त्याच्यावर मूल दगड उचलत नाही, असा आमचा अनुभव आहे.